दोन आत, दोन बाहेर

कॅमेऱ्याचे सेल रोज काढून उन्हात ठेवायचे, हे माझ्या आईला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या कोळीवाड्यात टॉर्चचे, रेडिओचे सेल असेच काढून पत्र्यावर ठेवतात. ऊन लागलं की सेल चार दिवस जास्त चालतो असं सगळे मानतात. तेव्हा पुढे जे झालं त्यात आईची चूक कमी आणि माझी जास्त, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कोणी मला ते समजवायला येऊ नये.

मी मोनाली. २००९ साली पनवेलला उरण नाक्याजवळ एका फोटो स्टुडिओत कामाला होते. पासपोर्टचे फोटो काढायचे, प्रिंट मारायच्या, बारशाच्या अल्बमची पानं लावायची. स्टुडिओ कुमारसरांचा. सर खांदा कॉलनीत राहायचे, शर्ट खोचून यायचे आणि गिऱ्हाइकाला कुठल्याही विषयावर व्याख्यान द्यायचे. आमचं घर मात्र खाडीच्या काठाला, उलव्याच्या बाजूला. तिकडे मातीचे डंपर धावायला लागले तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं की आता आपला नंबर आहे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर खाडीवर नव्या पुलाचं काम सुरू झालं आणि नोटीस लागली. पुलामुळे ज्यांची मासेमारी जाणार त्यांची यादी होणार. यादीत नाव असेल त्याला पुढे भरपाई, नव्या धक्क्यावर जागा, जे काही मिळायचं ते. नाव नसेल तो खाडीत कधी उतरलाच नव्हता, असं धरून चालणार. पुलाचं काम ज्या साहेबांच्या हाताखाली होतं, तेच यादीही करणार होते. हे मला तेव्हाच खटकलं होतं, पण विचारतो कोण.

साहेब घरोघर आले. शेजारी दयारामकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांची होडी दारातच उभी, त्यांचं नाव दोन मिनिटांत चढलं. मग आमच्या ओट्यावर आले. फॉर्मवर एक रकाना होता, ‘मासेमारीचे साधन’.

“होडी?” साहेबांनी विचारलं.

“नाय,” आई म्हणाली.

“जाळं?”

“नाय.”

“मग मासेमारी कशाने करता?”

“चिखलान उतरते. खुबे काढते, निवट्या धरते, चिंबोऱ्या. हातानं.”

साहेबांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. “साधन नाही म्हणजे मासेमारी नाही, बाई. छंद म्हणून करत असाल.”

छंद. माझे वडील गणू कोळी मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून आमच्या घरात जे शिजलं, माझ्या अंगावर जे आलं, माझी बारावीची फी, सगळं त्या चिखलातून वर आलं. मांडीपर्यंत गाळात उभं राहायचं, बिळात कोपरापर्यंत हात घालायचा, निवटी निसटायच्या आत मूठ आवळायची. शिंपल्यांनी बोटं कापायची. मग टोपली डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात. आणि हा माणूस म्हणतो, छंद. तो शब्द माझ्या डोक्यात गेला तो आजही उतरलेला नाही.

मी भांडले. जोरात भांडले, काकांनी डोळे वटारले तरी भांडले. शेवटी साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले, “पुरावा द्या. जानेवारीत सुनावणी आहे. तोपर्यंत दोन महिने रोज काम करतात असे फोटो आणा. तारखेसकट.” आमची कटकट टळावी म्हणून बोलले असणार. आम्ही ते मनावर घेऊ असं त्यांना वाटलं नसावं.

दुसऱ्याच दिवशी मी सरांकडून कॅमेरा घेतला. कोणा गिऱ्हाइकाने बदल्यात दिलेला, जुना, पण चांगला. दोन पेन्सिल सेलवर चालायचा, आणि फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची. मला तेवढंच हवं होतं. मी स्वतः तारीख-वेळ लावली, एक फोटो काढून बघितला, बरोबर उमटली.

सरांचं व्याख्यान सुरू झालं. “हे बघ मोनाली, नुसता कॅमेरा घेऊन उपयोग नाही. चार रिचार्जेबल सेल घे आणि चार्जर घे. दोन आत, दोन बाहेर. एक जोडी संपली की दुसरी तयार. साधे सेल कधी मान टाकतील, भरवसा नाही.”

“सर, रोज एकच फोटो काढायचाय. दोन महिन्यांत साठ. त्याला जादा सेल कशाला?”

“सगळे असंच म्हणतात. आणि मग ऐन सप्तपदीच्या वेळी माझ्याकडे पळत येतात.”

“माझ्याकडे सप्तपदी नाही. चिखल आहे.”

दुकानदाराने दिलेला सल्ला म्हणजे विक्री, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आणि एकदा नाही म्हटलं की नाही, हा माझा स्वभाव. सर शेवटी हात वर करून म्हणाले, “बरं बाई. मग निदान मागची स्क्रीन लावून बघत बसू नकोस. स्क्रीन बॅटरी खाते. वरच्या भोकातून बघ, बटण दाब, बंद कर.” फुकटचा होता म्हणून हा सल्ला मात्र मी पक्का लक्षात ठेवला. इथेच सगळं बिनसलं.

फोटो काढणार कोण, हा प्रश्न होता. ओहोटी काही माझ्या ड्युटीची वेळ बघून येत नाही. पण आमच्या बांधावर विठूमामा रोज सकाळपासून जाळी विणत बसलेला असायचा. म्हातारा, एका गुडघ्याने अधू, जागेवरून हलायचा नाही. मी त्याला भोक दाखवलं, बटण दाखवलं. “मामा, रोज एक फोटो. आई चिखलात दिसली पायजे. मागची काच लावायची नाय, फोटो बघायचा नाय. बॅटरी जाते.”

“मना काय बघायचंय? तुजे आयेला मी चालीस वरसं बघतंय,” मामा म्हणाला.

आईलाही मी तीच तंबी दिली. बॅटरी जपायची. ही बॅटरी टिकली तर तुझं नाव. आईने मान हलवली, आणि तिच्या परीने ती जपायला लागली. रोज संध्याकाळी सेल काढायचे, फडक्यात गुंडाळायचे, सकाळी उन्हात ठेवायचे, आणि कामाला निघताना परत घालायचे. मला ती बोलली नाही. सांगण्यासारखं त्यात काही होतं असं तिला वाटलंच नाही, आणि मी सकाळी आठला घर सोडलं की दिवेलागणीला परत.

त्रिपुरी पौर्णिमेपासून डिसेंबर संपेपर्यंत हे चाललं. मी रोज विचारायचे, काढला फोटो? आई म्हणायची, काढला. बॅटरी चालतेय? चालतेय. मला केवढा अभिमान वाटायचा. मी सरांना रोज टोमणा मारायचे, “दोन सेलांवर दीड महिना झाला, सर.” सर चष्मा पुसायचे.

सुनावणी संक्रांतीनंतरच्या सोमवारी होती. शनिवारी दुपारी मी स्टुडिओत कार्ड लावलं. त्रेपन्न फोटो. विठूमामाने एकाही फोटोत आईचं डोकं कापलं नव्हतं. सगळे फोटो एकाच जागेवरून, त्याच्या बसण्याच्या दगडावरून. मध्ये आई, कधी वाकलेली, कधी टोपली घेऊन उभी. मागे पाणी, खुंटे, आणि पुलाचं काम. मी खूश होऊन पहिली प्रिंट मारली आणि खालच्या कोपऱ्यात बघितलं.

एक जानेवारी दोन हजार पाच.

दुसरी मारली. एक जानेवारी दोन हजार पाच. विसावा उघडला, चाळिसावा उघडला. माझ्या आईने त्रेपन्न दिवसांचं काम एकाच दिवशी केलं होतं, आणि तेही पाच वर्षांपूर्वी.

सरांनी खुर्ची ओढून बघितलं आणि विचारलं, “सेल काढून ठेवत होतीस का?”

“नाही.”

“कोणीतरी काढत होतं. सेल बराच वेळ बाहेर राहिले की याचं घड्याळ पुसतं. परत घातले की कॅमेरा तारीख विचारतो. नाही सांगितली तर मूळ तारखेवर जातो.” ते चष्मा पुसत म्हणाले, “दोन बाहेरचे असते, तर आतले कोणी काढले नसते.”

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी निदान भांडले असते. मला रडू आलं, रागाचं. स्क्रीन लावू नका म्हणून मीच बजावलं होतं. एकदा, फक्त एकदा मी ती काच लावून बघितली असती तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

सर हळूच म्हणाले, “तारखा पुसून नव्या टाकता येतात. कॉम्प्युटरवर तासाभराचं काम आहे. कोणाला कळणार नाही.”

मी ते करणार होते. खोटं कशाला बोलू? दोन फोटोंचे आकडे मी पुसलेही. मग तारीख टाकायची वेळ आली आणि लक्षात आलं की कुठला फोटो कुठल्या दिवशीचा हे मला माहीतच नाही. मी ते काम तसंच सोडलं, फोटो होते तसे छापले, प्रत्येकाच्या मागे कॅमेऱ्याने दिलेला नंबर लिहिला आणि आईला विचारायला घरी गेले.

आईने सगळं ऐकलं. सेलांचं ऐकताना तिचा हात तोंडाशी गेला. मग विठूमामाला हाक मारली. मामा म्हणाला, “व्हय, तो डबा रोज कायतरी विचारायचा. मी बटन दाबून गप करायचो.”

“आई, तू मला फक्त सांग, कुठला कुठल्या दिवशीचा. मी सर्वांवर बरोबर तारखा टाकते. खोट्या नाहीतच त्या, खऱ्याच आहेत.”

आईने पत्त्यांसारखे फोटो पसरले, बघत राहिली. मग म्हणाली, “ह्यान सगलं दिसतंय गो. वरनं तू कशाला लिवते? तू लिवलंस तर ते तुजं व्हईल. ह्ये पान्यानं लिवलंय.”

“साहेबाला पाणी वाचता येत नाही.”

“मंग मी वाचून दावीन.”

मी खूप समजावलं. ती ऐकेना. हट्टीपणा माझ्याकडे कुठून आला, हे त्या दिवशी कळलं.

सोमवारी पनवेलच्या हॉलमध्ये कोळीवाड्यातले चाळीसेक जण होते. दयारामकाका आमच्या बाजूला बसले. बाईमाणसाने एकटं जाऊ नये म्हणून ते आले होते. आमचं नाव पुकारलं. मी फोटो टेबलावर ठेवले. साहेबांनी वरचा उचलला, कोपऱ्यात बघितलं, दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि हसले.

“एक जानेवारी दोन हजार पाच. फार कष्ट केले त्या दिवशी.”

मागे दोघे-तिघे हसले. मी कॅमेऱ्याचं, सेलांचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, “सेल उन्हात ठेवले. वा. मॅडम, तारखेसकट म्हटलं होतं. तारीख नाही, पुरावा नाही.”

“तारीख हाय,” आई म्हणाली. ती उभी राहिली होती. “नंबरानं लावा. मी सांगते.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. पण हॉल ऐकत होता, तेव्हा ‘करू द्या मनासारखं’ असा चेहरा करून त्यांनी मला खूण केली. मी फोटो नंबराने मांडले. कॅमेरा तारीख विसरला होता, नंबर विसरला नव्हता. कुठला आधी, कुठला नंतर, यात वाद नव्हता.

साहेबांनी दोन नंबरचा उचलला. “हा?”

“पानी बाहेरच्या खुंट्याच्या पल्याड गेलंय. इतकं लांब उधानालाच जातं. आणि ऊन कवलं हाय, सकालचं. ह्यो त्रिपुरीचा दुसरा दिस.”

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली. त्यांनी मधूनच दुसरा ओढला. “हा?”

“सावली पायाखाली, दुपार. पानी अर्ध्यावरच थांबलंय, मंजे भांगाचं, उधानाच्या उलटं. कार्तिकातली वद्य अष्टमी.”

“प्रत्येक वेळी अष्टमीला असंच असतं?”

“साहेब, तिथीची पाऊणपट करा. भरतीची वेल निघते. अष्टमीला सहाला भरती, मंजे बाराला सुकती, ओहोटी. पुनवेला बाराला भरती. ह्ये शालेन शिकवत नाय का?”

मागचे परत हसले, पण आता आमच्या बाजूने. साहेबांनी खरोखरच कागदावर गुणाकार केला, मी बघितलं. त्यांनी आणखी दोन विचारले. आईने तिथी सांगितली, त्यांनी कॅलेंडरचं पान उलटून तारीख काढली, नंबर आणि तारखा ओळीने जुळत गेल्या. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी एकतीस नंबरचा उचलला. त्यात आईच्या मागे पुलाच्या दुसऱ्या खांबाच्या नुसत्या सळ्या उभ्या होत्या.

“हा?”

“संकष्टी. मार्गशीर्षातली. पानी नऊला सुकलं, टोपली भरून मी उपासाचं घरी आले.”

“म्हणजे पाच डिसेंबर. नक्की?”

“नक्की.”

साहेबांनी शांतपणे छत्तीस नंबरचा काढून त्याच्या शेजारी ठेवला. त्यात तोच खांब काँक्रीटचा झालेला, आणि त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या आकड्यांत तारीख. खांब ओतला की ठेकेदाराची माणसं ती रंगवतात. २/१२/०९.

“हा खांब दोन तारखेला ओतला. इथे लिहिलंय. पाच तारखेला तो उभा असायला हवा. तुमच्या संकष्टीच्या फोटोत आहेत सळ्या. म्हणजे तो फोटो दोनच्या आधीचा.” त्यांनी दोन्ही फोटो आईकडे सरकवले. “तिथ्या पाठ आहेत तुम्हाला, छान आहे. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे.”

काका पुटपुटले, “चल वयनी, झालं.” आईने दोन्ही फोटो हातात घेतले. ती इतका वेळ बघत राहिली की पुढचं नाव पुकारायला शिपाई पुढे आला.

“दोन तारखेला काय व्हतं?” तिने विचारलं.

साहेबांनी कॅलेंडर बघितलं. “पौर्णिमा.”

“खांब किती वाजता ओतला?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“सांगा ना साहेब,” मी म्हटलं. “पुलाच्या कामाचं रजिस्टर समोरच आहे.”

साहेबांनी रजिस्टर उघडलं, कारण न उघडणं जास्त वाईट दिसलं असतं. “दुपारी बारा ते तीन.”

“पुनवेला दुपारी बाराला,” आई म्हणाली, “तिथं उधानाचं पानी असतं. माज्या डोक्यावर जातं. तुमची मानसं काय बुडी मारून सिमेट ओतत व्हती?”

दयारामकाका खुर्चीत ताठ झाले. दर्यावर जाणारा माणूस, त्यांनी मनात हिशोब केला असणार.

“खांब अष्टमीला ओतला,” आई पुढे म्हणाली. “दुपारची सुकती धरून. गाड्या आल्या, मना चिखलातनं हाकलली. विठूनं त्याचा पन फोटो काढलाय.” तिने ओळीवरून बोट फिरवलं आणि चौतीस नंबरचा उचलला. गाडीचा लांब पाइप, हेल्मेट घातलेली सहा माणसं, आणि कोपऱ्यात टोपली घेऊन बाजूला उभी राहिलेली माझी आई. सावली पायाखाली, पाणी अर्ध्यावर.

कॅलेंडरवर ती अष्टमी नऊ डिसेंबरला होती. खांबावरची आणि रजिस्टरातली तारीख एका आठवड्याने खोटी होती; काम मुदतीत झालं असं दाखवायला आधीची टाकली असणार.

“माजी तारीख चुकली, कारन मी सेल काढला,” आई म्हणाली. “तुमच्या खांब्याचा सेल कोनी काढला?”

आता मात्र सगळा हॉल हसला. साहेबांनी शिपायाला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि बाकीच्यांना जरा मागे सरा म्हणाले. मग टेबलावर पुढे वाकून त्यांनी आवाज खाली आणला. पहिल्यांदाच ते आईला ‘ताई’ म्हणाले.

“ताई, तुम्ही काम करता हे मला पटलं. नाव घालतो. आत्ता, तुमच्यासमोर. फक्त हे चार-पाच फोटो यातून काढून घ्या. तेवढ्याने तुमचं काही अडत नाही. बाकीचे लावतो आणि विषय संपवतो.”

काकांनी लगेच आईचा दंड धरला. “वयनी, घे काढून. नाव मिलतंय. खांबाशी आपल्याला काय करायचंय?”

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. दोन महिने आम्ही एका नावासाठी झटलो होतो आणि ते नाव पेनाच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. कुंपणच शेत खात होतं हे दिसत होतं, पण ते शेत आमचं नव्हतं. मी आईकडे बघितलं. आई त्या फोटोंकडे बघत होती. तिलाही ते नाव हवं होतं. दाराशी कोणी विचारलं की ‘ही काय करते’, तर सांगायला एक सरकारी ओळ हवी होती. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आई, घे काढून.

“साहेब,” ती म्हणाली, “ह्ये दिस काढले, तर त्या दिशी मी कुठं व्हते?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“मी तिथंच व्हते. संकष्टीला उपाशी व्हते, पन तिथंच व्हते. अष्टमीला हाकलली, तरी तिथंच व्हते. त्रेपन्न हायेत, त्रेपन्न लावा. नायतर नाव लिवूच नका.”

मला माझी लाज वाटली, आणि तिच्यातून माझा नेहमीचा राग वर आला, तो कामाला आला. मी वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: शांती गणू कोळी यांचे नंबर घातलेले त्रेपन्न फोटो मिळाले. खाली सगळे नंबर. पान साहेबांपुढे ठेवलं.

“पोच द्या, साहेब. सहीशिक्क्यासकट. एक संच माझ्याकडे स्टुडिओत आहे.”

तोपर्यंत मागे सरलेले सगळे परत पुढे आले होते. दयारामकाकांनी आईचा दंड सोडला होता. ते साहेबांना म्हणाले, “द्या साहेब पोच. आमी सगली थांबतो.” बाईमाणसाला सोबत म्हणून आलेला माणूस अखेर सोबत झाला.

साहेबांनी सही केली. शिक्का इतक्या जोराने मारला की टेबल हललं. मग आईचा जुना फॉर्म काढला, ज्यावर आडवी रेघ होती, आणि वर न बघता विचारलं, “साधनात काय लिहू? ही जागा रिकामी ठेवता येत नाही.”

आईने उजवा हात फॉर्मवर ठेवला. पालथा नाही, उताणा. तळव्यावर शिंपल्यांचे जुने-नवे काप होते, आणि करंगळीचं नख निम्मं गेलेलं होतं.

“ह्ये लिवा,” ती म्हणाली.

येताना मी स्टुडिओत शिरले आणि सरांकडून रिचार्जेबल सेल आणि चार्जर घेतला. दोन आत, दोन बाहेर. सर एक शब्द बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. घरी मी आईला शपथ घातली की आतले सेल काढायचे नाहीत. तिने बाहेरचे दोन तेवढे उन्हात ठेवले.

आठवड्याभरात खांबावरची तारीख कोणीतरी खरवडून काढली. नवी लिहिली नाही. विठूमामाने खरवडलेल्या जागेचाही फोटो काढला, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

यादी लागली फेब्रुवारीत, धक्क्यावरच्या फळ्यावर. सगळा कोळीवाडा गोळा झाला. काकांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव, आणि पुढे साधन. होडी. होडी. होडी. जाळे. होडी. आई माझ्या मागे टोपली घेऊन उभी होती, ओहोटी लागायची वाट बघत. सत्तेचाळिसाव्या ओळीवर काका थांबले आणि माझ्याकडे वळले. “तू वाच,” म्हणाले.

मी वाचलं. “शांती गणू कोळी. साधन: हात.”

“बरोबर हाय,” आई म्हणाली, आणि चिखलात उतरली.